जीबीएसनंतर घरी आल्यावर : ‘हे प्रयत्नच करत नाहीत’ असं वाटू लागतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहणाऱ्या एका ताईंच्या मिस्टरांना, वय ४१, दोन दिवस जुलाब झाले आणि थांबले. आठवड्याभराने सकाळी तळपायांना मुंग्या आल्या, संध्याकाळी जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लागला. निदान जीबीएस, म्हणजे गुलियन बारे सिंड्रोम. १९ दिवस व्हेंटिलेटर आणि एकूण ७ आठवडे हॉस्पिटल. आता घरी येऊन ३ आठवडे झालेत. हात बऱ्यापैकी चालतात, पण पावलं लुळी आहेत, व्हीलचेअरशिवाय हालता येत नाही. दहा मिनिटं व्यायाम केला की “आता पुरे” म्हणून डोळे मिटतात. सासूबाईंचं म्हणणं तेलाने चांगलं रगडायला हवं, दीर म्हणतात इच्छाशक्ती कमी पडतेय. ताईंचे प्रश्न दोन : हे चालतील कधी? आणि हे खरंच प्रयत्न करत नाहीयेत का?

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण तोच तुम्हाला आतून खातोय असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. ते प्रयत्न करतायत. तुम्हाला दिसतो त्याहून बराच जास्त. मी वीस वर्षांहून अधिक काळ न्यूरो-फिजिओथेरपी करते, त्यातला बराचसा आयसीयूत गेला. जीबीएसचा आळशी पेशंट मला अजून भेटायचाय. दमलेले मात्र सगळेच भेटलेत.

या दमण्याचं कारण समजलं की घरातले निम्मे वाद मिटतात. स्नायूला हुकूम नेणारे जे तंतू असतात, त्यांच्यावर शरीराच्याच संरक्षण व्यवस्थेने हल्ला केलेला आहे. काहींच्या बाबतीत तंतूवरचं आवरण सोललं जातं. ते आवरण तुलनेने लवकर, काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा चढतं. काहींच्या बाबतीत आतल्या तंतूलाच इजा होते. तुमच्या एनसीव्हीच्या, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश कसा जातो ते बघणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टवर ‘एएमएएन’ लिहिलंय म्हणता, म्हणजे हा दुसरा प्रकार. यातही नशीबवान असतात. तंतू तुटलेला नसतो, फक्त त्याचं काम बंद पडलेलं असतं, आणि असे लोक महिन्या-दोन महिन्यांत उभे राहतात. पण तंतू खरोखर मेला असेल तर तो नव्याने वाढावा लागतो, आणि वाढीचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. महिन्याला एक इंच धरा. आता कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर तुम्हीच टेपने मोजा. तिथे इच्छाशक्तीचा काही संबंध उरत नाही. दीर प्रेमापोटीच बोलतात, पण त्यांना हे गणित एकदा दाखवा.

म्हणूनच परत येण्याला एक क्रम असतो. बहुतेकांमध्ये जे शेवटी गेलं ते आधी येतं. श्वास, गिळणं, खांदे आणि हात, मग कंबर-मांड्या, मग गुडघे, आणि सगळ्यात शेवटी पावलं. तुमच्या मिस्टरांचे हात चालतात, पावलं नाहीत, यात ‘अडकून पडलं’ असं काही नाही. गाडी ज्या रस्त्याने जायला हवी त्याच रस्त्याने चाललीय.

आता हे दमणं. बारा जणांनी उचलायची पालखी सध्या चार जण उचलतायत असं समजा, तसे उरलेले थोडेच तंतू सगळं काम ओढतायत. ते चौघे थोडं अंतर नेतातही, बघणाऱ्याला वाटतं की जमतंय की! आणि मग एकदम खाली ठेवतात. बाकीचे आठ जण भरती होईपर्यंत त्या चौघांना दामटून उपयोग नसतो. हे मी पुस्तकातून शिकले नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे एक तालमीतला मुलगा होता, २३ वर्षांचा, जीबीएसमधून उठत असलेला. घाम गाळला की ताकद येते हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं, आणि मला पटकन निकाल हवा होता. खुर्चीतून उठ-बस त्याला दहा वेळा जमली, मी वीस करून घेतली, तो हसत म्हणाला “अजून दहा.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कुशीवर वळता येईना. मागच्या पातळीला यायला त्याला पाच दिवस लागले. त्याची आई मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हापासून या पेशंटांना मी ‘अजून एकदा’ म्हणत नाही.

आता घरी करायचं काय. व्यायाम एकदम अर्धा तास नको. पाच-सात मिनिटांचे तुकडे, दिवसातून चार-पाच वेळा, मध्ये पुरेशी विश्रांती. मोजमाप साधं आहे : व्यायामानंतर आलेला थकवा तासा-दोन तासांत उतरला पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस आदल्या सकाळीसारखाच असला पाहिजे. सकाळी अंग जड, कालच्यापेक्षा कमी हालचाल, तर काल जास्त झालं. दोन दिवस निम्मं करा. आणि आंघोळ, कपडे, दाढी, पाहुण्यांशी अर्धा तास बोलणं हे सगळं व्यायामातच धरा. नळाला सकाळी तासभर पाणी येणाऱ्या घरात पिंप जसं जपून वापरतात, तसं. बरेच लोक आंघोळ झाली की लगेच फिजिओला बोलावतात. तोवर पिंप रिकामं झालेलं असतं, आणि मग “हे सहकार्य करत नाहीत” असा शेरा मिळतो. तुमच्याकडे हेच होत असेल असा माझा दाट संशय आहे. आंघोळ संध्याकाळी घ्या, किंवा फिजिओची वेळ तरी बदला.

हा थकवा चालायला लागल्यावरही बऱ्याच जणांना महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं पुरतो. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो आणि दुपारी तीनला बॅटरी संपते. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा घरात नव्याने वाद नकोत.

दुसरी गोष्ट पावलांची, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण खरं नुकसान इथे गुपचूप होतं. पाऊल वर उचलणारे स्नायू झोपलेत, त्यामुळे पाऊल दिवसरात्र खालच्या बाजूला लोंबतं. वर पांघरुणाचा भार. असे दोन-तीन महिने गेले की टाचेमागची शीर आखडते. मग वर्षाने तंतू वाढत वाढत पावलापर्यंत पोचतो, ताकद येते, आणि टाच जमिनीला टेकतच नाही! मी असे पाय पाहिलेत. तंतूचा वेग आपल्या हातात नाही, पण तो येईपर्यंत सांधे मोकळे ठेवणं पूर्ण आपल्या हातात आहे.

त्यासाठी पलंगाच्या पायथ्याशी एक पुठ्ठ्याचा खोका किंवा पाट उभा ठेवा आणि पांघरूण त्याच्यावरून सोडा, म्हणजे बोटांवर वजन येणार नाही. पाऊल काटकोनात धरणारा एएफओ, म्हणजे प्लॅस्टिकचा पायपट्टा, मापाने करून घ्या. तयार मिळणारा कमी पैशात येतो पण घोट्याला घासतो, आणि घासलेलं यांना लगेच कळेलच असं नाही. पट्टा काढला की रोज कातडी बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टा दुरुस्तीला पाठवायचा. शिवाय दिवसातून तीन वेळा पाय सरळ ठेवून, टाच तुमच्या तळहातात आणि पाऊल तुमच्या कोपरापाशी अशा बेताने हळूहळू गुडघ्याकडे दाबायचं, तीस आकडे मोजेपर्यंत. धक्का द्यायचा नाही. त्यांचे हात चालतात ना, मग बसल्या बसल्या जुनी ओढणी पावलात अडकवून हे ते स्वतःही करू शकतील. स्वतःचं काही स्वतः करता येणं याची किंमत त्या खोलीत किती असते ते मी सांगायला नको.

तिसरं, पलंगावरून उठवणं. घरोघरी दिवाण असतो, आणि दिवाण बुटका असतो. बुटक्या जागेवरून उठायला मांडीला फार ताकद लागते. पायांखाली लाकडी ठोकळे घालून उंची अशी करा की बसल्यावर मांड्यांची कमरेकडची बाजू गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. उठताना आधी पुढे सरकून काठावर यायचं, टाचा मागे घ्यायच्या, आणि पुढे इतकं झुकायचं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल. मगच उठायचं. आपण सगळे मदत म्हणून काखेत हात घालून वर ओढतो. त्याने खांदा दुखावतो आणि माणूस मागे झुकतो, म्हणजे उलटंच. त्याऐवजी समोर बसा, तुमचे गुडघे त्यांच्या गुडघ्यांना टेकवा म्हणजे ते मध्येच वाकणार नाहीत, आणि कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरा. पहिल्यांदा हे फिजिओ समोर असतानाच करा. तुम्ही एकट्या असताना ते खाली घसरले तर जोर लावून थांबवायला जाऊ नका, हळूच जमिनीवर बसू द्या. जमिनीवर बसलेल्या माणसाला पुन्हा उठवता येतं, तुमची कंबर गेली तर घर बसेल.

सासूबाईंच्या तेलाबद्दल. हलक्या हाताने तेल लावायला माझी ना नाही. कातडी मऊ राहते, आणि आईला आपण काहीतरी करतोय असं वाटतं, तेही गरजेचंच आहे. रगडणं मात्र नको. तेलाने तंतू लवकर वाढत नाही आणि दुबळ्या स्नायूला रगडलं तर तो दुखतो. आणि गरम पाण्याची पिशवी, वीट तापवून शेक, वाळूची पोटली यातलं काहीही नको. पावलांना स्पर्श नीट कळत नसेल तर चटका समजत नाही. कातडी भाजते आणि फोड आल्यावर घरच्यांना कळतं. रात्री पाय जळतात, चादरीचा स्पर्श सहन होत नाही असं ते म्हणत असतील तर ती तंतूची वेदना आहे. साध्या पेनकिलरने ती जात नाही, तिच्यासाठी वेगळी औषधं असतात. न्यूरॉलॉजिस्टना सांगा, सहन करत बसू नका.

दिरांनी ‘स्टेरॉइड का दिली नाहीत’ असंही विचारलंय. कारण जीबीएसमध्ये त्यांचा उपयोग होत नाही हे चाचण्यांत दिसून आलंय. उपयोग होतो तो दोन उपचारांचा : पाच दिवस शिरेतून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन, किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं. तुमच्या मिस्टरांना पहिला मिळालाय. वजनाप्रमाणे किलोला २ ग्रॅम धरलं तर ७० किलोच्या माणसाला १४० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २८ बाटल्या. एवढा खर्च झाल्यावर माणूस उठून बसेल असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. पण त्या औषधाचं काम हल्ला आवरणं. झालेली मोडतोड शरीर आपल्या वेळेने भरून काढतं.

हे आपल्यालाच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सगळे विचारतात. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. २०२५च्या जानेवारीत तुमच्याच बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात एकाएकी रुग्ण वाढले आणि पुणे परिसरातला संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्या वेळी काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाबाचा जंतू सापडला. त्याच्या अंगावरची साखरेची नक्षी आपल्या मज्जातंतूवरच्या नक्षीशी मिळतीजुळती असते. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती चुकून आपल्याच तंतूवर जाऊन बसतात. तरीही या जंतूने आजारी पडणाऱ्या साधारण हजारातल्या एकाला जीबीएस होतो. तेच पाणी तुम्हीही प्यायलात, मुलंही प्यायली. “मीच बाहेरचं आणलं होतं” हे जे तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय ना, ते मनातून काढा. पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा, कच्च्या चिकनची सुरी-पाट वेगळा ठेवा, एवढं पुरे. हा आजार पुन्हा होण्याची शक्यता शंभरात दोन ते पाच, म्हणजे बहुतेकांना होत नाही.

आता एक गोष्ट, जी ते स्वतः बहुधा बोललेले नसतील. जीबीएसचा पेशंट व्हेंटिलेटरवर असताना बहुतेक वेळ शुद्धीत असतो. त्याला सगळं ऐकू येतं, दुखतं, खाज सुटते, आणि बोट हलत नाही. आमच्याकडे अशांसाठी एक पुठ्ठा असतो. त्यावर मुळाक्षरं वर्गांनी लिहिलेली : क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. आपण वर्ग म्हणत जायचं, त्याने हव्या त्या वर्गाला डोळे मिटायचे, मग त्यातली अक्षरं. एक गृहस्थ सकाळपासून डोळ्यांतून पाणी काढत होते. सगळ्यांना वाटलं खचलेत, नातेवाइकांना बोलावून धीर द्यायला सांगितलं. पुठ्ठा धरला. प-वर्ग, प. मग ट-वर्ग, ठ. ‘पाठ’. त्यांना कुशीवर वळवून पाहिलं तर पाठीखाली सुईचं प्लॅस्टिकचं टोपण. रात्रभर रुतत होतं, आणि त्याचा खोल ठसा उमटला होता.

तुमच्या मिस्टरांनी असे १९ दिवस काढलेत. रात्री दचकून उठणं, दिवा लावून ठेवायला सांगणं, खोलीत कोणी नसलं की घाबरणं, आयसीयूत विचित्र गोष्टी दिसल्या असं सांगणं, हे सगळं होतं आणि त्यात वेड लागण्यासारखं काही नाही. “झालं गेलं विसरा” म्हणू नका. ते सांगतील तेव्हा ऐका. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, ‘मी कशाला वाचलो’ अशी भाषा येत असेल तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या, फिजिओइतकंच ते आवश्यक. आणि रात्रीची पाळी आठवड्यातून दोन दिवस तरी दिरांना द्या. इच्छाशक्ती त्यांच्याकडे भरपूर आहे असं दिसतंय.

काळजीचं काय आणि नेहमीचं काय, एवढं तुम्हाला ओळखता आलं पाहिजे. एखादा दिवस वाईट जाणं नेहमीचं. पण आलेली ताकद चार-आठ दिवस सलग उतरत गेली तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवा. पहिल्या दोन महिन्यांत काही जणांमध्ये आजार पुन्हा उचल खातो, आणि त्यानंतरही घसरण होत असेल तर तो दीर्घकाळ चालणारा वेगळा प्रकार आहे का हे तपासावं लागतं, त्याचे उपचारही वेगळे. तुम्ही नेमक्या याच टप्प्यावर आहात. श्वासासाठी घरगुती परीक्षा : खोल श्वास घेऊन एका दमात आकडे मोजायला लावा. त्यांचा आजचा आकडा लिहून ठेवा. तो घसरत वीसच्या खाली आला तर वाट न पाहता हॉस्पिटल. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा एकदम धाप लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते, तेही तातडीचं. जेवताना ठसका लागत असेल तर पाणी आणि पातळ पदार्थ जपून द्या आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

नोकरीबद्दल दोनच वाक्यं. सरकारी नोकरी असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचा, नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वामुळे कामावरून काढता येत नाही. खासगी असेल तर आत्ताच राजीनाम्याची घाई करू नका, रजा वाढवून घ्या आणि परत जायची वेळ आली की अर्धवेळ मागा.

आणि तुमचा पहिला प्रश्न. जीबीएस झालेल्या दहातले आठ जण सहा महिन्यांनी आधाराशिवाय चालत असतात. व्हेंटिलेटर लागलेल्यांना जास्त वेळ लागतो, आधी जुलाब झालेले आणि एएमएएनवालेही बऱ्याचदा मागे असतात. तुमच्या मिस्टरांच्या बाजूने वय आहे, आणि दहाव्या आठवड्यात हात चालतायत हेही आहे. न तपासता तारीख मी देणार नाही, जो देतो त्याच्यापासून सावध राहा. पण काय दिसलं की पाय येतोय समजायचं, ते सांगते. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलता येते का? खुर्चीत बसून गुडघा सरळ होतो का, आणि सरळ झाल्यावर तीन आकडे टिकतो का? या दोन गोष्टी आल्या की पायपट्टा लावून वॉकरवर उभं राहण्याची तयारी सुरू करता येते. पावलं नंतर आली तरी चालतं, पट्ट्यावर लोक कामाला जातात. आणि सहा महिन्यांनी सगळं थांबतं असंही नाही. दोन-तीन वर्षांनंतरही सुधारणा होत राहिलेले पेशंट माझ्याकडे आहेत.

रोज तपासू नका, रोज काही दिसणार नाही आणि तुम्हा दोघांनाही चिडचिड होईल. रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी, या दोन हालचालींचा मोबाईलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा, तोही त्यांना विचारून. चार रविवार झाले की पहिला आणि चौथा एकामागोमाग त्यांना दाखवा.

आज रात्री पांघरुणाखाली खोका ठेवा. आणि दिवाणाची जमिनीपासूनची उंची आणि मिस्टरांच्या गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप कळवा, ठोकळे किती उंच करायचे ते सांगते.